प्रोटिस्टा : ‘नीट’आधी एक नजर

एकपेशीय, पण दृश्यकेंद्रकी. म्हणून जीवाणू यात नाहीत. प्रोटिस्टा हे नाव हेकेलचे (१८६६), पंचसृष्टी वर्गीकरण व्हिटाकरचे (१९६९).

• डायटम : सिलिकाची पेशीभित्तिका, साबणाच्या डबीसारखी एकात एक बसणारी दोन झाकणे. इंद्रायणीवरच्या निघोजे बंधाऱ्यापाशी दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर दिसला तर त्यात बहुधा हेच. काचपट्टीवर थेंब घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली होड्यांसारखे आकार दिसतात.

• युग्लिना : पेशीभित्तिका नाही, प्रथिनयुक्त लवचीक आवरण. उजेडात स्वतः अन्न बनवते, अंधारात छोटे जीव खाते.

• गोनिऑलॅक्स : समुद्रातली लाल भरती.

• प्लाझ्मोडियम : हिवताप. डासातला पुरावा : रोनाल्ड रॉस, सिकंदराबाद, १८९७.

• यीस्ट : एकपेशीय, तरी कवक. हमखास चकवा.

जीवशास्त्र : ९० प्रश्न, ३६० गुण, चुकल्यास एक वजा.