कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा नव्हे

कॅसरोल म्हटलं की आपल्याला आठवतो तो पोळ्या गरम ठेवायचा डबा. लग्नात आहेर म्हणून हमखास तीन-चार येतात आणि त्यातले दोन तरी माळ्यावर जातात. वयाच्या साठीपर्यंत मीही याच समजुतीत होते. मग लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत ओमाहा शहरी गेले आणि जानेवारीतल्या एका संध्याकाळी दाराची बेल वाजली.

बाहेर गुडघाभर बर्फ. दारात शेजारीणबाई उभ्या, पंचाहत्तरीच्या तरी असतील. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली मोठी काचेची डिश, वर फॉइल. त्यांनी आत यायला नकार दिला, बाळ कसं आहे ते विचारलं, ‘३५० डिग्रीवर अर्धा तास’ एवढं सांगितलं आणि निघून गेल्या. डिशच्या तळाला चिकटपट्टीवर त्यांचं आडनाव लिहिलेलं होतं.

बाळंतिणीसाठी शेजारून डबा आला म्हणून माझा जीव सुखावला. फॉइल उचललं तर मोहरी, आंबवलेला कोबी, लोणी आणि वितळलेलं चीज यांचा एकत्र वास आला. लेक हळूच म्हणाली, “आई, हे रुबेन कॅसरोल आहे. यात बीफ असतं.”

आम्ही दोघींनी ते खाल्लं नाही. जावईबापूंनी तीन दिवस पुरवून पुरवून खाल्लं. पण तो वास माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो ओळखीचा होता. धणे, मोहरी, मिरी, लवंग, तमालपत्र. आपलाच मसाल्याचा डबा, फक्त वेगळ्या घरात उघडलेला.

पत्त्यांच्या डावातलं सँडविच

मूळ रुबेन सँडविच असं असतं: राय या धान्याचा काळपट, किंचित आंबूस ब्रेड, त्यात कॉर्न्ड बीफचे पातळ काप, स्विस चीज, साउअरक्राउट म्हणजे मिठात आंबवलेला कोबी आणि रशियन ड्रेसिंग. दोन्ही बाजूंनी लोणी लावून तव्यावर खरपूस भाजायचं. कॉर्न्ड म्हटलं तरी मक्याचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणजे कुठलाही दाणा. जाड मिठाच्या दाण्यांत मुरवलेलं मांस म्हणून कॉर्न्ड. रशियन ड्रेसिंगही अमेरिकेतच जन्मलेलं, मेयोनीज आणि केचपचं.

मी जिथे बसून हे सगळं ऐकत होते, त्याच गावाचा या सँडविचवर हक्क आहे. १९२०च्या दशकात ओमाहाच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात दर आठवड्याला पोकरचा डाव बसायचा. त्यात रुबेन कुलाकोफ्स्की नावाचे किराणा व्यापारी असत. डाव रंगला की भूक लागणारच. हॉटेलमालक चार्ल्स शिमेल यांचा मुलगा बर्नार्ड याने त्यांच्यासाठी हे सँडविच रचलं, आणि ते हॉटेलच्या मेनूवर गेलं. १९५६मध्ये त्याच हॉटेलात पूर्वी काम केलेल्या फर्न स्नायडर यांनी ते राष्ट्रीय सँडविच स्पर्धेत पाठवलं आणि ते पहिलं आलं. मग ते देशभर झालं.

न्यूयॉर्कवाले हे मानत नाहीत. त्यांच्या मते आर्नोल्ड रुबेन यांनी १९१४मध्ये आपल्या रेस्टॉरंटमध्ये एका भुकेल्या नटीसाठी ते बनवलं. पण त्या कहाणीतल्या सँडविचमध्ये हॅम आणि टर्की आहे, कॉर्न्ड बीफ नाहीच. माझं मत ओमाहाच्या बाजूने. अर्थात तिथे सहा महिने मीठ खाल्लंय, तेव्हा मला तटस्थ समजू नका.

हे सँडविच मिळतं ते डेलीमध्ये. डेली म्हणजे खारवलेलं मांस, लोणची, सॅलड, ब्रेड असं तयार खाणं विकणारं दुकान. जर्मनी आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी ती न्यूयॉर्कमध्ये वाढवली. १८८८पासूनचं काट्झ डेलिकेटेसन आजही गर्दीने भरलेलं असतं. गंमत अशी, की ज्यू धर्माच्या आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली घरांतही मटणाच्या रश्श्याला दही लावत नाहीत, नारळाचं दूध घालतात. म्हणजे डेलीचं सर्वांत प्रसिद्ध सँडविच काटेकोर कोशर डेलीत मिळूच शकत नाही!

सँडविचचं कॅसरोल का करायचं?

कारण रुबेन हा एकट्याचा खाऊ आहे. तव्यावर एका वेळी दोन होतात, पाच मिनिटांत खाल्लं नाही तर कोबीच्या पाण्याने ब्रेड मऊ पडतो. आठ माणसं जेवायला बसली की करणारी उभीच. शेजारी नेऊन देण्याची तर सोयच नाही.

कॅसरोलचा जन्मच नेण्या-आणण्यासाठी झाल्यासारखा आहे. १९१५मध्ये पायरेक्सची काचेची भांडी बाजारात आली. ओव्हनमधून काढा, तशीच टेबलावर ठेवा. १९३४मध्ये कॅम्पबेल कंपनीचं मशरूम सूप डब्यात आलं आणि बायकांना तयार दाट सॉस मिळाला. १९५५मध्ये त्याच कंपनीच्या प्रयोगघरात डॉर्कस रायली यांनी फरसबीचं कॅसरोल बसवलं, ते आजही थँक्सगिव्हिंगच्या ताटात असतं. नेब्रास्का, मिनेसोटा, आयोवा या थंड पट्ट्यात तर चर्चचं एकत्र जेवण असो, बाळ जन्मो की कोणी जावो, शेजारीण डिश घेऊन उभी. मिनेसोटात याला ‘हॉटडिश’ म्हणतात.

भारतातल्या स्वयंपाकघरासाठी

परत आल्यावर मी माझ्या छोट्या ओटीजीत हे पाच-सहा वेळा केलंय. चार जणांना २० सेंटिमीटरची चौकोनी काचेची डिश पुरते.

खरं काम कोबीचं. एक किलो कोबी बारीक चिरा, २० ग्रॅम मीठ लावून पाणी सुटेपर्यंत हातांनी चोळा आणि बरणीत दाबून भरा. सुटलेल्या पाण्याखाली कोबी पूर्ण बुडायला हवा. वर कोबीचंच एक पान ठेवून वाटीने दाबा. झाकण सैल ठेवा. आपल्या हवेत पाच ते सात दिवसांत छान आंबट होतो, मग फ्रिजमध्ये. वर केसाळ बुरशी आली तर मात्र हळहळ न करता टाकून द्या. घाई असेल तर व्हिनेगर घातलेला कोबी करता येतो, पण त्याला ती खोल आंबट चव येत नाही. निदान मला तरी फरक कळतो.

बीफऐवजी काय? अमेरिकेतच टर्की आणि कोलस्लॉ घातलेल्या रुबेनला ‘रेचल’ म्हणतात, तेव्हा बदलाला परवानगी आहे असं समजा. मांसाहारी घरात २५० ग्रॅम स्मोक्ड चिकन किंवा शिजवून तंतू काढलेलं चिकन घ्या. शाकाहारी असाल तर ४०० ग्रॅम मशरूम. पनीर घालू नका. वर चीज आहेच, दोन मऊ, सौम्य गोष्टी एकत्र आल्या की पदार्थ मुका होतो. मशरूम जाडसर कापून मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता आणि शेवटी भाजून भरडलेला मसाला घाला: एक चमचा धणे, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा मिरी, दोन लवंगा, अर्धं तमालपत्र. कॉर्न्ड बीफ ज्या खाऱ्या पाण्यात मुरतं त्यात साधारण हेच असतं. चिकनलाही हाच मसाला लावा.

ड्रेसिंग: अर्धी वाटी मेयोनीज, दोन मोठे चमचे केचप, एक चमचा बारीक चिरलेला कांदा, एक चमचा चिरलेली लोणच्यातली काकडी, थोडं लाल तिखट. मूळ कृतीत हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ किसून घालतात. त्याऐवजी आपली फेसलेली मोहरी अर्धा चमचा घाला. नाकात जाणारी ती झणझण तीच आहे.

राय ब्रेड मोठ्या शहरांतल्या बेकऱ्यांत मिळतो. नाही मिळाला तर गव्हाचा ब्रेड आणि चमचाभर शहाजिरे. सहा स्लाइसचे मोठे तुकडे करून आधी ओव्हनमध्ये कोरडे, कुरकुरीत करून घ्या. ताजा मऊ ब्रेड वापरलात तर लापशी होईल.

आता कोबी. मूठ-मूठ घेऊन पिळा. मग पुन्हा पिळा. २०० ग्रॅम लागेल, पिळल्यानंतरचा. हे इतकं ठासून का सांगतेय ते पुढे येईलच.

डिशला लोणी लावा. निम्मा ब्रेड, त्यावर चिकन किंवा मशरूम, मग कोबी, मग ड्रेसिंग, मग १५० ग्रॅम किसलेलं चीज. स्विस मिळालं तर उत्तम, नाहीतर मोझरेला आणि थोडं नेहमीचं प्रोसेस्ड. उरलेला ब्रेड दोन मोठे चमचे वितळलेल्या लोण्यात घोळवून सगळ्यात वर. फॉइल लावून १८० अंश सेल्सिअसवर २५ मिनिटं, फॉइल काढून आणखी १०-१२. वरचा ब्रेड खरपूस तांबूस झाला की बाहेर काढा आणि दहा मिनिटं हात लावू नका, म्हणजे तुकडे नीट पडतात. मीठ कुठेही वेगळं घालायचं नाही. कोबी, चीज, मेयोनीज सगळ्यांत आहे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर होतं, पण वरचा कुरकुरीतपणा येत नाही आणि माझ्या मते तोच या पदार्थाचा अर्धा जीव आहे.

ती डिश

शेजारीणबाईंची डिश घासून ओट्यावर ठेवली होती. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आपल्या हाडात मुरलेलं. मी त्यात बेसनाचे लाडू भरून दिले. त्या थोड्या गोंधळल्या, पण घेतले.

मार्चमध्ये त्यांचे यजमान गेले.

आपल्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, नातलग कडू घास घेऊन जातात. पिठलं-भाकरी न्यावी असं पहिल्यांदा मनात आलं. पण अशा दिवशी माणसाला अनोळखी चव देऊ नये असंही वाटलं. त्यांच्या घरची चव कोणती, ते मला ठाऊक होतं. लेक म्हणाली, “आई, त्यांचंच बनवशील? तेही बीफ न घालता?” बाळ कडेवर घेऊन तिने कृती वाचली, मी टर्कीचं केलं. आयुष्यात पहिल्यांदा टर्कीला हात लावला. डिशच्या तळाला चिकटपट्टी लावून आमचं आडनाव लिहिलं आणि टॉवेलमध्ये गुंडाळून पलीकडे गेले. दार त्यांच्या मुलाने उघडलं. त्या मागे खुर्चीत बसल्या होत्या. मी ‘३५० डिग्री, अर्धा तास’ एवढंच म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

आठवड्याने डिश आमच्या पायरीवर ठेवलेली दिसली. स्वच्छ धुतलेली, रिकामी, आत एक चिठ्ठी. लेकीने वाचून दाखवली. लिहिलं होतं की चव चांगली होती, दोनदा वाढून घेतलं. आणि खाली एक ओळ: पुढच्या वेळी कोबी अजून घट्ट पिळ.