विश्लेषण : विमानतळ ते आळंदी... पंधरा किलोमीटरचे अंतर वारीच्या दिवसांत इतके का लांबते?

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून आळंदी साधारण १५ किलोमीटरवर आहे. एरवी टॅक्सी पाऊण-एक तासात इंद्रायणीच्या पुलापर्यंत सोडते. आषाढी वारीच्या सुरुवातीच्या दिवसांत मात्र याच अंतराला कित्येक तास लागू शकतात आणि शेवटचा टप्पा बहुधा पायीच कापावा लागतो. नोकरीनिमित्त बेंगळूरु, दिल्ली, दुबई किंवा त्याहून दूर राहणारे अनेक जण रजा काढून विमानाने येतात आणि पालखी सोहळ्यात चालतात. पंढरपूरपर्यंतचा मार्ग त्यांना ठाऊक असतो. फसगत होते ती विमानतळापासून दिंडीपर्यंतच्या वाटेवर. ती टाळण्यासाठी कोणत्या दिवशी, कोठे आणि कसे पोहोचावे, याविषयी...

विमानाचे तिकीट कोणत्या तारखेचे काढावे?

वारी तिथीवर चालते आणि तिकीट तारखेवर निघते. पहिली अडचण इथेच येते. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान ठेवते. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला, तर २०२५ मध्ये ६ जुलैला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्याने ती २५ जुलैला येते. म्हणजे गेल्या वर्षीच्या तारखेवरून यंदाची रजा टाकता येत नाही.

ढोबळ हिशेब असा, की माउलींच्या पालखीचे प्रस्थान एकादशीच्या १७ ते १९ दिवस आधी होते आणि देहूचे त्याच्या एक दिवस आधी. २०२५ मध्ये देहूचे प्रस्थान १८ जूनला, तर आळंदीचे १९ जूनला झाले होते. तिथीचा क्षय वा वृद्धी झाली की एखादा दिवस पुढे-मागे होतो. त्यामुळे रजेचा अंदाज कॅलेंडरवरून बांधता येतो. तिकीट मात्र देवस्थानांनी सोहळ्याचा कार्यक्रम जाहीर केल्यावरच पक्के करणे शहाणपणाचे. हे दिवस पावसाचे असतात आणि विमानांना उशीर होतो, हेही हिशेबात धरावे लागते.

प्रस्थानाच्या दिवशी नेमके काय होते?

प्रस्थान म्हणजे त्याच दिवशी पुण्याकडे चालणे, असा अनेक नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात आळंदीत प्रस्थानाचा सोहळा दुपारनंतर सुरू होतो. पालखी समाधी मंदिरातून बाहेर पडते, तोवर संध्याकाळ किंवा रात्र झालेली असते. पहिला मुक्काम आळंदीतच, माउलींच्या आजोळघरी असतो. पुण्याकडची वाटचाल दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होते. देहूतही पहिल्या रात्री पालखी गावातच, इनामदार वाड्यात मुक्कामी असते.

प्रस्थानावेळी मंदिराच्या आवारात मानाच्या दिंड्यांनाच प्रवेश असतो. बाकीचे वारकरी घाटावर, गल्ल्यांत, धर्मशाळांत आणि मठांत असतात. त्यामुळे ‘चारच्या आत मंदिरात पोहोचायचेच’ म्हणून दुपारच्या विमानाने उतरून धावपळ करण्यात फारसे काही हाती लागत नाही. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी आळंदी गाठणे हाच जुना रिवाज आहे. सोहळ्यातील शितोळे सरकारांचे अश्वसुद्धा बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून पायी येतात आणि प्रस्थानाआधीच मुक्कामी पोहोचतात.

रस्ते कोठे आणि कधी अडतात?

विमानतळावरून आळंदीला जाण्याचा नेहमीचा रस्ता विश्रांतवाडी, दिघीमार्गे जातो. माउलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते तीही याच रस्त्याने. दिघीतून विश्रांतवाडी, फुलेनगर आणि पुढे संगमवाडीमार्गे ती शहरात शिरते. म्हणजे प्रस्थानाच्या दुसऱ्या दिवशी विमानतळावरून निघालेली टॅक्सी पालखीच्या समोरून जाऊ पाहत असते आणि साहजिकच तो रस्ता वाहनांना बंद असतो.

दिवसांचा क्रम लक्षात ठेवला की कोंडी कोठे होणार, हे आधीच कळते. सप्तमीला देहू परिसर गजबजतो. अष्टमीला तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते आणि त्याच दिवशी आळंदीत प्रस्थान असते. त्यानंतरच्या दिवशी आळंदी रस्ता आणि जुना मुंबई-पुणे रस्ता, दोन्हीकडून पालख्या पुण्यात येतात. विमानतळावरून उत्तर आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी हा सर्वांत अवघड दिवस. मग पालख्या एक पूर्ण दिवस पुण्यात थांबतात आणि पुढच्या पहाटे हडपसरच्या दिशेने निघतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे वाहतूक पोलीस दरवर्षी बंद रस्त्यांची आणि पर्यायी मार्गांची यादी वेळापत्रकासह जाहीर करतात. विमानात बसण्याआधी ती मोबाइलवर उतरवून ठेवावी.

पुणे विमानतळावरून आळंदी कशी गाठावी?

आदल्या दिवशी सकाळी उतरणाऱ्यांना अडचण येत नाही. ॲपवरून बोलावलेली टॅक्सी सहसा विमानतळालगतच्या ‘एरोमॉल’ या बहुमजली वाहनतळातून मिळते. चालकाला केवळ ‘आळंदी’ न सांगता दिंडी ज्या धर्मशाळेत किंवा मठात उतरली आहे तिचे नाव आणि जवळचा चौक सांगावा. वारीच्या काळात पीएमपी दरवर्षी आळंदी आणि देहूसाठी जादा बस सोडते. त्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या निरनिराळ्या भागांतून सुटतात. टॅक्सी नको असेल, तर आधी शहरात येऊन ही बस पकडता येते.

प्रस्थानाच्या दिवशीच पोहोचणे भाग असेल, तर सकाळ गाठावी. दिघीमार्गे रस्ता अडला असल्यास चऱ्होलीकडून किंवा पूर्वेकडच्या लोणीकंद-मरकळ बाजूने आळंदीच्या जवळ जाता येते. हा वळसा लांबचा आहे आणि त्या दिवशी तो खुला आहे का, हे पोलिसांच्या सूचनेत पाहूनच निघावे. कोणताही रस्ता धरला तरी वाहन गावाबाहेर थांबते, हे गृहीत धरून दोन-तीन किलोमीटर चालण्याची तयारी ठेवावी. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील, तर आदल्या दिवशी पोहोचण्याला पर्याय नाही.

मुंबईत विमान उतरत असेल तर?

परदेशातून थेट पुण्यात येणारी विमाने मोजकी असल्याने बरेच जण मुंबईत उतरतात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाले असून द्रुतगती मार्ग तिथून अधिक जवळ आहे. मुंबईहून येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देहू आणि आळंदी ही दोन्ही गावे पुण्याच्या अलीकडे, उत्तर अंगाला आहेत. द्रुतगती मार्ग संपतो तिथून देहू जवळ पडते आणि देहूहून तळवडे, चिखली, मोशीमार्गे आळंदी साधारण २० किलोमीटरवर आहे. आधी पुणे स्टेशनला जाऊन पुन्हा मागे येण्यात वेळ वाया जातो.

रेल्वेने येणाऱ्यांना लोणावळा-पुणे लोकलने देहूरोड स्थानकावर उतरता येते. तिथून देहू गाव काही किलोमीटर आत आहे. मुंबई-पुणे गाड्यांपैकी काही चिंचवडला थांबतात. आळंदीसाठी तेही सोयीचे आहे.

मोबाइलवर ‘आळंदी’ टाकल्यावर भलतेच गाव का दिसते?

पुणे जिल्ह्यात आळंदी एकच नाही. ज्ञानेश्वरांच्या समाधीची ती ‘देवाची आळंदी’. ‘म्हातोबाची आळंदी’ आणि ‘चोराची आळंदी’ ही गावे पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, लोणी काळभोरच्या परिसरात आहेत. भर म्हणजे ‘आळंदी’ नावाचे रेल्वे स्थानक पुणे-मिरज मार्गावर आहे आणि त्याचा देवाच्या आळंदीशी संबंध नाही. नकाशा पाहून रेल्वेचे तिकीट काढणारा इथे हमखास चकतो. म्हणून ॲपमध्ये ‘देवाची आळंदी’ किंवा ‘संत ज्ञानेश्वर महाराज समाधी मंदिर’ असे पूर्ण नाव टाकावे.

मंदिर गाठायचे की दिंडी?

साऱ्या नियोजनाचे उत्तर या प्रश्नात आहे. वारीत चालणाऱ्याचे जेवण, झोपण्याची जागा, सामान आणि आजारपणात पाहणारी माणसे ही सारी दिंडीत असतात. मंदिरापर्यंत पोहोचून दिंडी सापडली नाही, तर लाखोंच्या गर्दीत पहिली रात्र उघड्यावर काढण्याची वेळ येते. दिंडी वेळेत सापडली, तर बाकीचे आपोआप मार्गी लागते.

ती सापडण्याची सोय सोहळ्याच्या रचनेतच आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. पुढे माउलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते हैबतबाबा आरफळकर यांनी. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला असतो आणि तो वाटेत बदलत नाही. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, त्याहून कितीतरी अधिक रथामागे. दोन्हीकडे क्रमांक एकपासून सुरू होतात. त्यामुळे ‘आमची दिंडी बारा नंबरची’ एवढे सांगून भागत नाही. ‘रथापुढील बारा’ की ‘रथामागील बारा’, हे ठाऊक हवे. दिंडीप्रमुखांचा आणि सामानाच्या ट्रकसोबत असणाऱ्या माणसाचा, असे दोन फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत. गर्दीत नेटवर्क मिळेलच असे नाही आणि मोबाइलची बॅटरीही दगा देते.

दिंडीत नाव आधी नोंदवावे लागते. जेवण आणि मुक्कामासाठी ठरलेली रक्कम भरावी लागते. विमानतळावर उतरल्यावर दिंडी शोधायला घेणे म्हणजे लग्नघरी पोहोचून पत्रिका मागण्यासारखे आहे.

चाकांच्या बॅगेचे काय करावे?

विमानप्रवासात सोयीची असलेली ट्रॉली बॅग वारीत सर्वांत गैरसोयीची ठरते. दिंडीचे सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते आणि तिथे वळकट्या, पिशव्या एकावर एक रचल्या जातात. कडक बॅग त्यात बसत नाही आणि चिखलात तिची चाके चालत नाहीत. मऊ कापडी बॅग, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले अंथरूण-पांघरूण आणि बॅगेवर ठळक अक्षरांत नाव, गाव, दिंडी क्रमांक, एवढे पुरते. ट्रक पहाटेच हलतो. त्यामुळे मध्यरात्रीच्या विमानाने येणाऱ्याने सामान ट्रकवर केव्हा आणि कोठे द्यायचे, हे आधी विचारून घ्यावे. परतीच्या प्रवासाची बॅग, पासपोर्टसारखी कागदपत्रे आणि लॅपटॉप पुण्यात नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात ठेवून निघणे उत्तम.

आळंदी चुकलीच तर?

विमान रद्द झाले, रजा उशिरा मिळाली, तरी वारी हुकत नाही. पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तर तुकोबांचा नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात असतो. विमानतळाहून सर्वांत जवळचे मेट्रो स्थानक रामवाडी. तिथून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून कसबा पेठ किंवा मंडईला उतरले की दोन्ही पेठा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पेठांतील रस्ते बंद असले तरी मेट्रोला त्याची बाधा होत नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी हा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणता येईल. दिंड्या शहरात शाळा, मंगल कार्यालये, मंदिरे अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात, त्यामुळे दिंडीचा पत्ता इथेही लागतोच.

पुणे सोडताना हडपसरला वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, तर माउलींची दिवे घाट चढून सासवडकडे वळते. हा सुमारे ३० किलोमीटरचा मोठा टप्पा असून त्या दिवशी घाटाचा रस्ता वाहनांना बंद असतो. सासवडला वाहनाने जायचे झाल्यास बोपदेव घाटाचा पर्याय उरतो. मात्र माउलींची पालखी सासवडलाही दोन रात्री थांबते. त्यामुळे घाटाच्या दिवशी वाहनात अडकून राहण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सासवडला जाऊन दिंडीत सामील होणे सोपे. पुढच्या पहाटे जेजुरीकडे चालू लागले, तरी पंढरपूरची बहुतेक वाट अजून पुढेच असते.