मेलेल्या ताऱ्याचा सुसाट फवारा

फुल्ल प्रेशरने पाणी सोडलेला पाइप हातातून सुटला की काय होतं, हे घरी बाइक धुणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. पाइप सापासारखा वळवळतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांना भिजवून मोकळा होतो. आता तो पाइप अर्धा प्रकाशवर्ष लांब आहे असं समजा. म्हणजे साधारण पावणेपाच लाख कोटी किलोमीटर! असा फवारा खरंच आहे, आणि तो वेला नावाच्या पल्सारमधून निघतो.

पल्सार म्हणजे मोठा तारा फुटल्यावर मागे उरलेला गाभा. वेलाचा व्यास जेमतेम २० किलोमीटर, चर्चगेटहून निघालात तर अंधेरीच्या आधीच संपेल एवढा. वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त, आणि गिरक्या सेकंदाला ११. (आपला सीलिंग फॅन फुल्लवर ठेवला तरी सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांत दमतो.) वय सुमारे ११ हजार वर्षं. पल्सारांमध्ये हे वय कॉलेजकुमाराचं!

एवढं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र घेऊन एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू म्हणजे एक अचाट डायनॅमोच. त्यातून विद्युतभारित कण बाहेर भिरकावले जातात, त्यातले काही फिरण्याच्या अक्षाच्या दिशेने फवाऱ्यासारखे सुटतात आणि चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना एक्स-रे सोडतात. किंमत पल्सारच मोजतो, त्याची गिरकी हळूहळू मंदावत जाते.

तुम्ही म्हणाल, हॉस्पिटलमधला एक्स-रे छातीतून आरपार जातो, मग अंतराळातला हवेत कसा अडकतो? कारण आपल्या डोक्यावरची सगळी हवा मिळून जवळपास दहा मीटर पाण्याच्या थराएवढी भरते. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. १९९९ मध्ये नासाने सोडलेली ‘चंद्रा’ त्यासाठीच. नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. एक्स-रे साध्या आरशावर सरळ आदळले तर आतच शिरतात. म्हणून चंद्राचे आरसे पिंपासारखे एकात एक बसवलेत. पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जावा, तसे किरण त्यांना घासून पुढे सरकतात. चार किलोमीटरवरची एक सेंटिमीटरची वस्तू ओळखावी, इतकी तिची नजर तीक्ष्ण!

त्याच नजरेने अडीच वर्षांत वेलाचे १३ फोटो टिपले, आणि फवारा काही आठवड्यांतच वाकतो, वळतो हे २००३ मध्ये जगासमोर आलं. कणांचा वेग प्रकाशाच्या साधारण निम्मा. पुढे २०१०च्या फोटोंवरून असा अंदाज निघाला, की पल्सार भोवऱ्यासारखा डोलतही असावा, १२० दिवसांत एकदा.

आपणही या खेळात आहोत. इस्रोने २०१५ मध्ये सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने क्रॅब पल्सारच्या एक्स-रेचं ध्रुवीकरण मोजलं. पण अशा बारीक फवाऱ्याचा फोटो काढायला आज चंद्राला पर्याय नाही. म्हणूनच २०२४ मध्ये नासाच्या बजेट प्रस्तावात तिच्या खर्चाला मोठी कात्री लागली, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी ‘सेव्ह चंद्रा’ मोहीम उघडली. वळवळ पकडायची तर पुन्हा पुन्हा बघावं लागतं. एकदाच काढलेल्या फोटोत पाइप सरळच दिसणार ना!

चंद्राची निरीक्षणं साधारण वर्षभराने सगळ्यांना फुकट खुली होतात. वेलाचीही आहेत. ती उघडायचं ‘डीएस९’ हे सॉफ्टवेअरही फुकट. मी मास कॉमची, फिजिक्सशी दहावी-बारावीपुरतं नातं. तरी वेगवेगळ्या तारखांचे दोन फोटो शेजारी ठेवले, तर फवाऱ्याचं वळण बदललेलं मलाही दिसलं.