मोतीबिंदूचं ऑपरेशन : ‘लेझर’साठी जास्त पैसे मोजावेत का?

घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की हॉस्पिटलमध्ये पॅकेजेसचा तक्ता समोर येतो. त्यातल्या महागड्या ओळीत बऱ्याचदा ‘लेझर’ किंवा ‘ब्लेडलेस’ लिहिलेलं असतं. आई-वडिलांच्या डोळ्यांचा प्रश्न, मग कंजुषी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण या जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळतं?

तीन पद्धती कोणत्या?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते काढून कृत्रिम भिंग बसवायचं, हे तिन्ही पद्धतींत सारखंच.

• एसआयसीएस : साधारण 6 ते 7 मिलिमीटरचा छेद घेऊन भिंगाचा कडक गाभा हाताने बाहेर काढतात. छेद आपोआप मिटतो, टाके सहसा लागत नाहीत.

• फेको : 2 ते 3 मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाऊंडने भिंग फोडून ओढून घेतात. अनेक जण यालाच ‘लेझर’ म्हणतात, पण यात लेझर नसतं.

• फेमटोसेकंद लेझर : छेद घेणं, भिंगाच्या पिशवीला गोल खिडकी पाडणं आणि भिंगाचे तुकडे करणं, एवढं लेझर करतं. ते तुकडे काढायला पुन्हा फेकोचंच यंत्र लागतं आणि ते सर्जनच चालवतात.

नजर जास्त चांगली होते का?

माणसांवर हे लेझर पहिल्यांदा 2008 मध्ये बुडापेस्टला वापरलं गेलं. खिडकी अचूक गोल पडते, हे खरं. पण ब्रिटनमध्ये 785 रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी लेझर आणि फेको, दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली. फ्रान्समध्ये 900हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीतही लेझर सरस ठरलं नाही. जास्तीचा खर्च परवडण्याजोगा नाही, असाच दोन्हींचा निष्कर्ष होता.

साधी वाटणारी एसआयसीएसही कमी नाही. नेपाळमध्ये 108 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तिचे निकाल फेकोइतकेच उत्तम आले, तेही कमी वेळात आणि कमी खर्चात. मोतीबिंदू फार पिकलेला असेल, तर अनेक सर्जन हीच पद्धत निवडतात.

मग डॉक्टरांना काय विचारायचं?

• पॅकेजमध्ये भिंग कोणतं आहे? ऑपरेशननंतर चष्मा किती लागेल, हे बरंचसं त्यावर ठरतं.
• ऑपरेशन कोण करणार आणि त्यांचा त्या पद्धतीतला अनुभव किती?
• याच डोळ्याला लेझरची गरज का आहे?

तिसऱ्या प्रश्नाला ठोस वैद्यकीय कारण मिळालं, तर लेझरचा विचार जरूर करा. उत्तर फक्त ‘ही लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे’ एवढंच असेल, तर कर्ज काढून ते पॅकेज घेण्याची गरज नाही.