घाटरस्त्यावरचा हॅम रेडिओ

महाडहून भोरकडे निघाले की बिरवाडी, वरंध, माझेरी ही गावे मागे पडतात आणि वरंधा घाट सुरू होतो. इथे मोबाईलला नेटवर्क कधी असते, कधी नसते. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. आणि नेमक्या त्याच वेळी वीज आणि फोनही दगा देतात. 22 जुलै 2021 रोजी याच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि 80 पेक्षा जास्त माणसे गेली. त्या दिवशी महाड शहर पुरात होते आणि फोन लागत नव्हते. ‘निरोप पोचवायचा कसा?’ हा प्रश्न आमच्या भागात जिवाशी येणारा आहे.

माझ्यापुरते उत्तर म्हणजे हॅम रेडिओ. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या हॅमशी थेट बोलायचे. मध्ये मोबाईल कंपनीचा टॉवर लागत नाही. एरवी ही हौस. पण डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद यांच्यासारख्या हॅमनी याच हौसेतून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले.

पण सेट जवळ असला म्हणजे झाले, असे नाही. काही वर्षांपूर्वी जुलैत मी वाघजाईच्या देवळाच्या थोडा अलीकडे अडकलो होतो. पुढे भोरच्या बाजूला दरड, मागे गाड्यांची रांग, आणि मागच्या जीपमध्ये एका आजोबांच्या छातीत दुखू लागलेले. माझ्याकडे पाच वॉटचा हँडसेट होता. पाऊस म्हणून काचा वर करून मी गाडीतूनच हाका मारत राहिलो. दहा मिनिटे उत्तर नाही. शेवटी छत्री टाकून वाघजाईच्या वळणावर गेलो. तिथून खाली कोकण उघडे दिसते. सेट उभा धरला, आणि पहिल्याच हाकेला महाडच्या मित्राने ओ दिली. त्याने रुग्णवाहिका वर धाडली. आजोबा वाचले, पण ती दहा मिनिटे माझ्या अज्ञानामुळे गेली, हे मी विसरलेलो नाही.

चूक काय झाली? गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. लाटा काचांमधून थोड्याफार निसटतात, बाकीच्या आतच अडकतात. शिवाय सेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना ही तडजोड असते. हॅमच्या 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लाटेची लांबी सुमारे दोन मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरची अँटेना चांगली चालते. रबरी अँटेना वीतभर असते. ती खिशाला सोयीची, आवाज पोचवायला नव्हे.

म्हणून माझा पहिला सल्ला: पैसे आधी अँटेनावर खर्च करा. लोहचुंबकाच्या बुडाची अर्ध्या मीटरची अँटेना छताच्या मधोमध ठेवा. मग तोच पत्रा वैरी न राहता मदतनीस होतो. अँटेनाला लागणारी ‘जमीन’ तो पुरवतो. सेटची शक्ती पाच वॉटवरून दहा केली तर ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. तीच अँटेना गाडीच्या आतून छतावर नेली तर न ऐकू येणारा आवाज स्पष्ट होतो. छताला चुंबक चिकटतो का, हे आधी पाहा. ॲल्युमिनियम किंवा काचेचे छत असेल तर कडेला पकडणारा क्लॅम्प लागेल. केबल तीन-चार मीटरपेक्षा लांब नको, लांबीबरोबर गळती वाढते. जाड केबल सरळ सेटला जोडली तर तिच्या ओढीने वरचे नाजूक कनेक्टर ढिले होते. मध्ये लवचिक केबलचा छोटा तुकडा घाला.

आता सेट. गाडीत पक्का बसवायचे जास्त वॉटचे सेट मिळतात, मग हातातला कशाला? कारण आमच्याकडे रस्ता तुटला की गाडी सोडून चालावे लागते. तेव्हा छतावरची केबल काढायची, रबरी अँटेना लावायची आणि निघायचे. सेट पाण्याला दाद न देणारा, मोठी बटणे असलेला, जादा बॅटरी आणि गाडीच्या 12 व्होल्टवर चालण्याची सोय असलेला घ्या. अगदी स्वस्त सेटला बाहेरची अँटेना लावली की शहरात आजूबाजूच्या ट्रान्समीटरांच्या गोंगाटात कामाचा आवाज बुडतो, हेही ध्यानात ठेवा. आणि परवाना आधी, खरेदी नंतर. ऑनलाइन वॉकीटॉकी विकताना परवान्याची माहिती न दिल्याबद्दल 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक विक्री संकेतस्थळांना नोटिसा बजावल्या होत्या.

एक गोष्ट उत्तम अँटेनाही करू शकत नाही. या लाटा साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीचा कडा आला की हाक तिथेच थांबते. उंचावरचा रिपीटर ती हाक उचलून पुढे देतो, पण आधी ती त्याच्यापर्यंत पोचायला हवी. म्हणून कोरड्या दिवसांत एकदा घाटातून जा, कोणत्या वळणावरून कोण ऐकू येतो ते वहीत टिपून ठेवा. माझ्या वहीत वाघजाईपुढे ठळक खूण आहे.

शेवटचे सांगणे गाडी चालवणाऱ्याला. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चालवताना हातातले संपर्क उपकरण वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात धरले आहे. वरंध्याची वळणे तर कायद्याहून कडक आहेत. बोलायचे असेल तर शेजारच्याच्या हाती सेट द्या, नाहीतर दरडीची जागा टाळून गाडी कडेला उभी करा. दुसऱ्याचा जीव वाचवायला घेतलेल्या सेटपायी स्वतःची गाडी दरीत जायला नको.