कोलामी : आपल्या जिल्ह्याची विसरलेली भाषा

महागावच्या बाजारात वऱ्हाडी ऐकू येते, बंजारा बांधवांची गोरबोलीही ऐकू येते. पण आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पूर्वेकडे केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतल्या पोडांवर आणखी एक भाषा बोलली जाते. ती कोलामी. पोड म्हणजे कोलामांची वस्ती.

पुष्कळांना वाटते, कोलामी म्हणजे मोडकीतोडकी मराठी. तसे मुळीच नाही. तमिळ, तेलुगू ज्या द्रविड कुळातल्या, त्याच कुळाची ही लेक. त्या कुळाची ही फांदीही लहानशी. कोलामी, तिची सख्खी बहीण नायकी, बस्तरची परजी आणि ओडिशा-आंध्रातली गदबा, एवढाच हा परिवार.

कोलामीत ओक्कोड, इंदिंग, मूंदिंग, नालिंग म्हणजे एक, दोन, तीन, चार. पाचापासूनचे आकडे मात्र तेलुगूतून आलेले. उसने शब्द घेण्यात कमीपणा नाही. मराठीनेही फारसीतून कितीतरी शब्द घेतले. भाषा मरते ती लेकरे घरात ती बोलायचे सोडतात तेव्हा. अंदमानातली 'बो' भाषा बोलणारी शेवटची बाई २०१० साली गेली आणि भाषाही तिच्याबरोबर गेली.

मरे एमेनो या अभ्यासकाने वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांचे बोलणे टिपून घेतले आणि १९५५ साली कोलामीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख २८ हजार लोकांनी आपली मातृभाषा कोलामी सांगितली. तरीही युनेस्कोने ती धोक्यातल्या भाषांत धरली आहे.

आणि कायदा काय म्हणतो? बाबासाहेबांनी ज्या संविधानाचा मसुदा घडवला, त्याचा अनुच्छेद २९ आपली भाषा जपण्याचा हक्क देतो. १९५६ साली जोडलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो की, भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. पहिलीतल्या कोलाम लेकराला गुरुजींचे बोलणेच कळले नाही, तर त्याला ढ म्हणायचे कोणी?

आपल्या बोलण्याला हसणारे लोक आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून आम्ही वाचक मायबापांना एवढेच विनवतो : आपल्या मुलांच्या वर्गात कोलामांचे लेकरू असेल, तर त्याच्या बोलीला हसू देऊ नका. पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात, असे त्याला विचारायला सांगा. ते 'ईर' म्हणेल. तेवढा एक शब्द आपल्या लेकरांनीही शिकावा.