बिबट्या, ऊस आणि तत्त्वज्ञानाची पदवी

नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय निवडायची मोकळीक दिली. तरी पुणे जिल्ह्यातल्या निरगुडसरसारख्या गावात बारावीनंतर कुणी तत्त्वज्ञान घ्यायचे म्हटले, की घरचे विचारात पडतात. त्यांची काळजी खरी आहे, पण ती ज्या समजुतींवर उभी आहे त्या तपासायला हव्यात.

गैरसमज : तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म

वस्तुस्थिती अशी की, या अभ्यासक्रमात वेदान्ताशेजारीच ईश्वर आणि परलोक नाकारणारा चार्वाक बसतो. बौद्ध, जैन, प्लेटो, कांटही असतात. कुणावर विश्वास ठेवा असे इथे सांगत नाहीत. कुणाचा युक्तिवाद कुठे टिकतो, हे तपासायला लावतात. इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेले समाजसुधारक आगरकर पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ हे साप्ताहिक काढले, ते रूढींना जाब विचारण्यासाठी.

गैरसमज : हवेतला विषय, गावाला काय उपयोग?

निरगुडसर ज्या जुन्नर वनविभागात येते, तिथे उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडणे नवे नाही. हल्ला झाला की मागणी होते, पकडा आणि लांब सोडा. त्याने हल्ले थांबतात का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी इथले बिबटे पकडून लांब सोडण्याच्या मोहिमेचा अभ्यास केला, तेव्हा ती सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वाढल्याचे दिसले. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असे केव्हा म्हणता येते, हे तर्कशास्त्र शिकवते. पण लेकराचा जीव, गोठ्यातली शेळी आणि बिबट्याचे जगणे यांचा मेळ कसा घालायचा? रात्रीच्या विजेमुळे अंधारात पाणी द्यायला जावे लागणाऱ्या शेतकऱ्याची जबाबदारी कुणाची? याचे उत्तर केवळ मोजणीतून निघत नाही. तिथे नीतिशास्त्र लागते, आणि ग्रामसभेत असा वाद मुद्द्यावर ठेवणारा माणूसही लागतो.

गैरसमज : त्याने पोट भरत नाही

या आक्षेपात तथ्य आहे. केवळ तत्त्वज्ञानाच्या पदवीवर थेट मिळणाऱ्या नोकऱ्या मुख्यतः अध्यापनातल्या, आणि त्या जागा थोड्या. पण पदवीचा उपयोग एवढ्यावर संपत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे. शिवाय नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो आणि उत्तरे मराठीतून लिहिता येतात. यश त्याने हमखास मिळते असे नाही. मात्र कायदा, पत्रकारिता, प्रशासन या तिन्ही ठिकाणी गुंतागुंतीचा मजकूर वाचून त्यातला दावा आणि पुरावा वेगळा काढावा लागतो, आणि तीच या विषयाची रोजची मेहनत आहे. म्हणून घरची परिस्थिती बेताची असेल, तर रोजगाराचा विषय मेजर आणि तत्त्वज्ञान मायनर ही शहाणपणाची जोडी ठरते. आपल्या कॉलेजात तो शिकवतात का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे.

गैरसमज : इंग्रजीशिवाय जमणार नाही

अकरावी-बारावीची तर्कशास्त्राची पाठ्यपुस्तके मराठीत आहेत. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ 1974 सालचा, तीन खंडांचा. पुढच्या अभ्यासाला इंग्रजी लागतेच; पण सुरुवात आपल्या भाषेत झाली, तर शंका विचारायला मूल कचरत नाही. ज्याला विनाकारण वाद घालणारा म्हणून गप्प बसवतात, त्या मुलाला किंवा मुलीला निदान एक वर्ष हा विषय शिकू द्यावा.